नाल्यावरचा ऑइलचा तवंग, कुजणारा फोम आणि घरची कच्ची रुई

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात नाल्याच्या काठाला ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दुरुस्तीची तीन दुकानं आहेत. पाऊस लागला की नाल्यावर ऑइलचा रंगीत तवंग येतो आणि खालच्या अंगाच्या विहिरींपर्यंत पोचतो. वजनाच्या पन्नास-शंभर पट तेल पिणारा विघटनशील फोम निघालाय असं प्रश्नकर्त्यांनी वाचलंय. त्यांना विचारायचंय ते हे: असा फोम पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून) किंवा कापसाच्या कचऱ्यापासून गावात बनवता येईल का, बचत गटाला तो विकता येईल का, आणि तो आपोआप कुजतोच म्हटल्यावर नाल्यात टाकून दिला तर काढायची कटकट वाचेल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथली समजूत चुकली तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाईल. विघटनशील आहे तो फोम. त्यात शिरलेलं तेल नाही. फोम हे फक्त भांडं आहे, आणि कुजणारं भांडं पाण्यात सोडून दिलं तर आधी भांडं फुटतं. पाण्यातल्या जिवाणूंना स्टार्च आणि सेल्युलोज हे डिझेल-ऑइलपेक्षा कितीतरी सोपं अन्न आहे. ते आधी फोम खातात, त्याची जाळी ढासळते आणि धरलेलं तेल पुन्हा पाण्यावर येतं, तेही दोन-चार किलोमीटर खाली, जिथे कुणाचं लक्ष नसतं. शिवाय जळक्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात. धातू तर कुठलाच जिवाणू संपवत नाही. म्हणून नाल्यात जितक्या पिशव्या गेल्या तितक्या मोजून बाहेर आल्या पाहिजेत. प्रत्येक पिशवीला नंबर टाका, दोरी बांधा. काढायची कटकट हेच खरं काम आहे, शोषणं त्यामानाने सोपं.

आता मूळ अडचण. तुम्ही विचारताय तेल कशाने शोषायचं. मला वाटतं प्रश्न आहे ते एका जागी जाड थरात गोळा कसं करायचं. जरा हिशेब बघा. पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसतात तेव्हा तेलाचा थर साधारण ०.३ ते ५ मायक्रोमीटरचा असतो. १ मायक्रोमीटर धरला तर १ लिटर ऑइल १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १० गुंठे पसरतं. याचा एक अर्थ दिलासा देणारा: अख्खा नाला रंगीत दिसला तरी त्यात तेल कदाचित दोन लिटरच असेल. दुसरा अर्थ अडचणीचा: इतक्या पातळ थरातून कुठलाही फोम, रुई (सरकी काढलेला कापूस) किंवा महागडं आयात पॅड पोटभर तेल पिऊ शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत तेल पोचतच नाही. शंभर पटीचा आकडा काचेच्या भांड्यात, शुद्ध तेलात बुडवून मिळालेला असतो. नाल्यात तुमच्या पिशवीला मुख्यतः पाणीच भेटतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर ठरतात हे आधीच सांगतो. ऑइल रोज थोडं थोडं येतं की कुणी एकदम डबा ओततो, दुकानात धुलाईला वॉशिंग पावडर वापरतात का, नाला बारमाही आहे की फक्त पावसाळी, आणि प्रवाहाचा वेग किती, यावर उत्तर बदलतं. पुढचं सगळं मी रोजच्या गळतीला धरून लिहितोय. टँकर उलटला तर यातलं काहीही करायचं नाही. लांब राहायचं, वारा टँकरकडून जिकडे वाहतो त्या बाजूला उभं राहायचं नाही आणि ११२ ला फोन करायचा. टँकरच्या मागच्या पाटीवर १२०२ असेल तर डिझेल, १२०३ असेल तर पेट्रोल. हा आकडा फोनवर सांगितला तर येणारी माणसं तयारीने येतात.

फोमबद्दलचे दावे तपासायला एक सोपी युक्ती आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक लिटर फोमचं वजन करा. तेल बसतं ते पोकळीत, आणि पोकळी आकारमानापेक्षा जास्त असूच शकत नाही. एक लिटर फोम २५ ग्रॅम भरला, तर एक किलो फोम म्हणजे ४० लिटर आकारमान. त्यातली घन पदार्थाची जागा, पाऊण लिटरच्या आत, सोडली तर ३९ लिटर पोकळी. डिझेलचा एक लिटर सुमारे ८३० ग्रॅमचा, म्हणजे वरची मर्यादा झाली ३२-३३ पट. शंभर पटीच्या वर जायचं तर लिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपासचा फोम हवा. इतका हलका पदार्थ बोटाने दाबला की बसतो, आणि तेलाने भरल्यावर उचलला की स्वतःच्या भाराने फाटतो. त्यामुळे जाहिरातीत पट वाचलीत की लगेच विचारायचं: लिटरला किती ग्रॅम, आणि उचलल्यावर किती गळतं? हाच हिशेब अळिंबीच्या जाळ्यापासून बनवलेल्या ठोकळ्यांना लावा. कुटारावर (पिकाच्या भुशावर) धिंगरी अळिंबी वाढवून असा ठोकळा खरंच बनतो, त्याची वरची साय पाणीही झटकते. पण तो लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड होतो, म्हणजे फार तर आठ-नऊ पट, तेही कागदावर. पॅकिंगला चांगला, तेलाला बेताचा.

असे विघटनशील फोम बनतात कसे, तेही सांगतो, म्हणजे गावात काय जमेल याचा अंदाज येईल. सेल्युलोजचा फोम करायची एक ठरलेली रीत म्हणजे ७ टक्के कॉस्टिक सोडा आणि १२ टक्के युरियाचं द्रावण उणे १२ अंशांपर्यंत थंड करून त्यात कापूस विरघळवायचा, मग त्याची जेली गोठवायची, धुवायची आणि निर्वातात गोठवूनच वाळवायची. सगळी मेख शेवटच्या पायरीत आहे. ओली जेली उन्हात वाळवली तर पाणी बाहेर पडताना स्वतःच्या पृष्ठताणाने प्रत्येक छिद्राच्या भिंती एकमेकींवर ओढतं आणि फोमऐवजी कडक पापड हातात येतो. गोठवून वाळवलं तर बर्फाची थेट वाफ होते आणि पोकळी टिकते. ते यंत्र महाविद्यालयात किंवा औषध कारखान्यात असतं, एका वेळी थोडाच माल निघतो आणि वीज खूप खातं. झिंग्याच्या टरफलापासून निघणाऱ्या कायटोसानच्या फोमलाही हेच लागू. वरून तो अॅसेटिक आम्लात विरघळवलेला असल्यामुळे नंतर अल्कलीने उदासीन केला नाही तर पाण्यात परत विरघळू लागतो. स्टार्चचा फुगवलेला फोम सोपा आहे, पण तो पाण्यात पाच मिनिटांत चिकट लापशी होतो.

इतकं करूनही सेल्युलोजचा फोम जात्याच पाणीच पितो. त्याला पाणी नकोसं करायला सिलेन या सिलिकॉनयुक्त रसायनाच्या वाफेचा लेप देतात. घरगुती उपाय म्हणून मेण सुचवलं जातं. मेणाचा लेप पाण्यात छान टिकतो आणि डिझेलमध्ये विरघळतो, म्हणजे ज्या कामासाठी लावला तिथेच निकामी. अॅसेटिक अॅनहायड्राइडने प्रक्रिया करायची पद्धत पुस्तकात दिसेल, पण ते रसायन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली नियंत्रित आहे, बचत गटाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पऱ्हाटीचं म्हणाल तर ती लाकडासारखी घट्ट. तिचा भुगा पाणी आणि तेल दोन्ही थोडं थोडं धरतो. दुकानाच्या कोरड्या फरशीवर सांडलेलं ऑइल टिपायला चालेल, पाण्यावर नाही.

आता गंमत अशी की सिलेन लावून, गोठवून, वाळवून प्रयोगशाळा जे मिळवू बघते, ते बोंडात आयतं तयार असतं. कच्च्या रुईच्या प्रत्येक तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, वजनाच्या साधारण ०.४ ते १ टक्का. हे मेण तंतूच्या सालीलाच घट्ट धरून असतं, वरून ओतलेल्या लेपासारखं सुटत नाही. त्यामुळे कच्च्या रुईचा बोळा पाण्यावर तरंगतो आणि डिझेल दिसलं की ओढून घेतो. उलट मेडिकलमधला कापूस कॉस्टिकमध्ये उकळून, मेण काढून, पांढरा केलेला असतो. तो तर १० सेकंदांच्या आत पाण्यात बुडला पाहिजे असा औषधकोशाचाच निकष आहे. कापसाने तेल शोषून बघितलं, नुसतं पाणीच भरलं, असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा तोच कापूस वापरलेला असतो. (मारुतीला वाहतात त्या रुईच्या झाडाचं पुढे येतंय.)

त्यातही एक गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला आवडेल. तेलासाठी चांगली रुई लागतच नाही. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात २०१३ च्या सुमारास झालेल्या कामात दिसलं की अपक्व, बारीक, बाजारात भाव न मिळणारी रुई वजनाच्या ३० पटींहून जास्त कच्चं तेल धरते. तंतू बारीक म्हणजे त्याच वजनात जास्त पृष्ठभाग आणि बारीक फटी. आपल्याकडे फरदडीचा (हंगाम संपल्यावरही पीक तसंच ठेवून घेतलेला), कवडीचा (किडीने खराब, नीट न उमललेल्या बोंडांचा) कापूस आणि जिनिंगमध्ये खाली पडणारी घाणेरडी रुई यात असे अपक्व तंतू भरपूर असतात. यासाठी मुद्दाम फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला ते आमंत्रण आहे. जे टाकाऊ म्हणून आहे तेच वापरा. चांगला कापूस परवडतही नाही: २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि एका क्विंटलमधून रुई निघते ३४ किलोच्या आसपास. सरकीसकट कापूस भरायचा मोह होईल, तोही नको. दोन तृतीयांश वजन सरकीचं, ती तेल पीत नाही आणि पिशवी खाली ओढते.

जिनिंगच्या कचऱ्यातली पानं, टरफलं, माती चाळून काढा. तोंडाला फडकं नाही, नीट मास्क लावा, ही धूळ फुप्फुसाला वाईट. मग ती रुई पिंजून घ्या. ही पायरी कुणीही गाळू नये, कारण दबलेल्या रुईत पोकळीच नसते. गादीवाल्याच्या पिंजण यंत्रातून एकदा काढली की तीच रुई तिप्पट-चौपट फुगते. जुन्या गादीची रुई चालते का, असं लोक विचारतात. कधी चालते, कधी नाही. घाम, धूळ आणि धुलाई यांनी मेण गेलेलं असेल तर ती पाणी पिते. चिमूटभर रुई पाण्यावर टाका, बोटाने हलकेच दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तरंगत असेल तर घ्या. काटेसावरीचा आणि रुईच्या झाडाचा रेशमी कापूसही उत्तम तेल धरतो, तंतू आतून पोकळ असतात. मात्र तो आखूड आणि निसरडा, पिशवीतून निसटतो, गोळा करायला वेळ फार आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर महागात पडतं. शाळेच्या प्रकल्पाला ठीक.

विकत घेण्याआधी किंवा बनवण्याआधी मोजून बघा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. १० ग्रॅम रुई जाळीच्या लहान पिशवीत सैल भरा, डिझेलमध्ये १५ मिनिटं बुडवा, वर टांगून ३० सेकंद निथळू द्या, वजन करा. घट्ट ऑइल असेल तर दोन मिनिटं निथळू द्या. तशीच रिकामी पिशवी बुडवून, निथळून तिचं वजन वजा करा. हे विसरल्यामुळे आकडे फुगतात, कारण जाळीही तेल धरते. पिंजलेली स्वच्छ रुई १५ ते २५ पटीच्या दरम्यान यावी. दहाच्या खाली आली तर कचरा जास्त आहे किंवा पिशवी ठासून भरलीय. ही झाली निम्मी परीक्षा. खरी परीक्षा पाण्यावर: बादलीत १० लिटर पाणी, वर २०० मिलिलिटर ऑइल, त्यात पिशवी सोडून काठीने अधूनमधून हलवत १५ मिनिटं. मग ती काढून पिळा, निघालेलं काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. खाली पाणी, वर तेल असे थर दिसतील. पाण्याचा थर तेलापेक्षा जाड असेल तर ती रुई नाल्यावर नेऊ नका.

पिशव्यांसाठी कांद्याची जाळीदार पोती स्वस्त पडतात, पण भोकं मोठी असल्यामुळे रुईचे पुंजके बाहेर येतात. आत जुन्या नायलॉन मच्छरदाणीचं अस्तर घाला. लांब लोड (तक्क्यासारखी गोल उशी) करायचा तर १५ सेंटिमीटर व्यासाचा ठेवा. त्याच्या एक मीटर लांबीत साधारण साडेसतरा लिटर जागा असते, तिथे ७०० ग्रॅम रुई भरा, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम. याहून घट्ट भरली तर तेल आत शिरायला वेळ लागतो आणि बाहेरचा थरच काम करतो. याहून सैल भरली तर रुई एका टोकाला गोळा होते आणि उचलताना तेल धो धो गळतं. दर अर्ध्या मीटरवर आडवी शिवण मारा. पूर्ण लांबीत आतून नायलॉनची दोरी घाला, सुतळी नको, ती पाण्यात महिनाभरात कुजते आणि ऐनवेळी तुटते. कागदावर असा एक मीटर लोड १७ लिटरपर्यंत धरेल. प्रत्यक्षात ८ लिटर धरून चला.

लोड ठेवायचा कुठे, इथे बहुतेकांचं चुकतं. सगळे नाल्यात टाकतात. पहिली जागा दुकानाच्या मोरीच्या तोंडाशी आहे, जिथे तेल अजून जाड आहे. प्रत्येक दुकानाला २०० लिटरचे दोन ड्रम लागोपाठ बसवा. धुलाईचं पाणी पहिल्या ड्रममध्ये कोपर लावून पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर सोडा, वरून धबधबा पडता कामा नये, त्याने तेलाचे बारीक थेंब होतात. बाहेर जाणारा नळ टी आकाराचा: खालचा पाय तळापासून २० सेंटिमीटर वर, आणि वरचं तोंड उघडं. ते तोंड बंद ठेवलं तर वक्रनळी (सायफन) तयार होते आणि ड्रम तळापर्यंत उपसला जाऊन तेलासकट नाल्यात रिकामा होतो. यामागचं गणित असं: एक दशांश मिलिमीटरचा ऑइलचा थेंब ६० सेंटिमीटर वर यायला सुमारे १३ मिनिटं घेतो. मिनिटाला १० लिटर पाणी येत असेल तर एका ड्रममध्ये ते २० मिनिटं थांबतं, म्हणजे पुरेसं. थेंब त्याच्या दहाव्या हिश्श्याचा असेल तर वेळ शंभरपट लागतो आणि तो ड्रममध्ये कधीच सुटत नाही.

म्हणूनच वॉशिंग पावडर हा सगळ्यात मोठा शत्रू. साबणाने तेलाचे असे बारीक थेंब होतात की पाणी दुधाळ दिसतं, वर तवंग नसतो, आणि दुकानदाराला वाटतं तेल गेलं. ते गेलेलं नसतं, ते सरळ विहिरीच्या वाटेला लागलेलं असतं. वर तोच साबण रुईचं मेण ओलं करतो आणि तरंगणारा लोड अर्ध्या तासात पाणी पिऊन बसतो. फोमचंही तेच होतं, सिलेन लावलेला असला तरी. तेव्हा आधी पार्ट कोरड्या भुशाने किंवा चिंधीने पुसायचे, मग ब्रशने थोड्या डिझेलने ट्रेमध्ये धुवायचे, ते डिझेल गाळून परत वापरायचं, आणि साबणाचं पाणी या ड्रममध्ये सोडायचंच नाही. दुकानदारांना पटवायला हाच मुद्दा सगळ्यात अवघड जातो.

दुसरा शत्रू पावसाचं पाणी. ५० चौरस मीटरच्या उघड्या फरशीवर तासाला ६० मिलिमीटर पाऊस झाला तर ३,००० लिटर पाणी येतं. एका ड्रमला त्यातून मिळतात चार मिनिटं. साठलेलं तेलही ते ढकलून नेतं. फरशीवर पत्रा हवा आणि भोवती पाच-सात सेंटिमीटरचा सिमेंटचा उंबरठा, म्हणजे बाहेरचं पाणी आत आणि आतलं बाहेर जात नाही. एवढं झालं की पहिल्या ड्रममध्ये रुईची एक लहान उशी तरंगत ठेवा. तिथे थर जाड असतो, त्यामुळे ती खरोखर भरते. पंधरा दिवसांतून एकदा तळाचा गाळ काढा. तोही तेलकट असतो, उकिरड्यावर नको.

नाल्यातला उपाय हा दुसरा पहारा. वनराई बंधारा ज्यांना बांधता येतो त्यांना हा येईल. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून तसाच आडवा बांध घाला, पण त्यातून ११० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप तिरपे टाका: वरच्या अंगाचं तोंड तळाजवळ, खालच्या अंगाचं तोंड उंच. पाणी तळातून जातं, तेल वर अडकून राहतं. वरच्या बाजूला पाइपाच्या तोंडावर निदान ३० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे, नाहीतर भोवरा होऊन तेल आत ओढलं जातं. पाइप किती, हे प्रवाह ठरवेल. पाणी बांधावरून जायला लागलं की पाइप कमी पडले असं समजा. अडलेल्या तवंगावर लोड टाका, तोही आडवा सरळ नाही तर तिरपा, म्हणजे तेल एका काठाशी जमतं आणि तिथून मगाने काढता येतं. बांधाशिवाय नुसता लोड टाकणार असाल तर आधी पान सोडून बघा. तीन मीटर जायला त्याला नऊ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर सरळ ठेवलेल्या लोडाखालून तेल निसटणारच, सेकंदाला ०.३५ मीटरच्या पुढे समुद्रातले महागडे अडथळेही हार मानतात. प्रवाहाशी ३० अंशाच्या कोनात ठेवला तर निम्मा वेग अंगावर येतो.

मॉरिशसच्या किनाऱ्यावर २०२० मध्ये वाकाशिओ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाची पाचट कापडात भरून असेच लोड शिवले होते. सांता बार्बराला १९६९ मध्ये गवताचा पेंढा पसरला होता. जिथे जाड थर होता तिथे या साध्या वस्तूंनीही काम दिलं, आणि मागे तेलकट कचऱ्याचे ढीग उरले. तुमच्याकडे ढीग छोटा असेल, पण असेल.

त्याचं काय करायचं? भरलेला लोड आधी पिळा. ड्रमवर दोन लोखंडी रूळ बसवून, उसाच्या चरकासारखं, हाताने फिरवता येतं. पहिल्या पिळण्यात बरंच तेल परत मिळतं. नंतर रुई चपटी होत जाते. तिसऱ्या-चौथ्यांदा ती निम्मंही धरत नाही. फोमची खरी सरशी इथे आहे: चांगला लवचिक फोम पिळल्यावर परत फुगतो. पिळून निघालेलं ऑइल झाकणाच्या पिंपात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या. २०१६ च्या घातक कचरा नियमांत जळकं ऑइल आणि तेलकट चिंध्या-कापूस दोन्ही मोडतात, आणि असा कचरा साठवायची मुदत ९० दिवसांची आहे. नागपूरजवळ बुटीबोरीला घातक कचऱ्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. एकट्या दुकानाचे पाच किलो बोळे तिथवर जाणार नाहीत, म्हणून तिन्ही दुकानांचं एकत्र पिंप ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून मार्ग ठरवा. चुलीत घालू नका, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. नुसत्या डिझेलने भिजलेली माती शेणखत मिसळून, ओल ठेवून, पालटत राहिलं तर काही महिन्यांत बरीच सुधारते. जळक्या ऑइलच्या बाबतीत हे करू नका, धातू शेवटी वावरातच राहतात.

आग. डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगी मिळाली तर त्याची वाफ पेट घेईल असं किमान तापमान, निदान ३५ अंश असावा असं भारतीय मानक आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं. म्हणजे उन्हाळ्यात डिझेलने भिजलेला कापूस ठिणगीची वाट बघत बसलेला असतो; मुंबईतला अनुभव इथे लावू नये. वेल्डिंगपासून लांब, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. पेट्रोलवर रुई, फोम काहीच टाकू नका. आणि जवसाच्या तेलाचे किंवा रंगकामाचे बोळे या ढिगात मिसळू नका, ते हवेशी संयोग पावून आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटतात.

विक्रीचं बोलायचं तर गट हे करू शकतो, फक्त फोम म्हणून नाही, रुईच्या उशा म्हणून. स्पर्धा आहे ती पॉलिप्रॉपिलीनच्या पॅडशी. ती १० ते १५ पट तेल धरतात, पण पाण्यात कुजत नाहीत आणि दमट गोदामात वर्षभर पडून राहिली तरी बिघडत नाहीत. तुमची उशी वाहत्या पाण्यात आठवडाभराच्या वर ठेवू नये आणि गोदामात उंदीर तिचं घर करतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पाकिटावर तीन आकडे लिहा: कोरडं वजन, डिझेलमध्ये किती पट, पाण्यावरच्या परीक्षेत तेल किती आणि पाणी किती. गॅरेज, एसटीचं आगार, पेट्रोल पंप, जिनिंग कारखाने ही जवळची गिऱ्हाइकं. जवळची म्हणतोय कारण १० किलो माल २५० लिटर जागा खातो. गठ्ठे दाबून पाठवले तर फुगीरपणा जातो आणि मोजलेली पट खोटी ठरते, सैल पाठवले तर गाडीत हवाच भरून जाते. तालुक्याबाहेर भाडं परवडणं कठीण.

आता वेळेचं. ड्रम, पत्रा आणि उंबरठा मृग लागायच्या आधी झालं पाहिजे, कारण वर्षभर फरशीत मुरलेलं ऑइल पहिल्या दोन-तीन सरींत निघून जातं. नाल्यातला पोत्यांचा बांध मात्र भर पावसाळ्यात घालू नका, पहिल्याच पुरात तो लोडांसकट वाहून जाईल. जुलै-ऑगस्टच्या पुरात तवंग अडवायचा असा कुठलाच उपाय नाही, तेव्हा फक्त दुकानाच्या मोरीवर भिस्त ठेवायची. पाणी ओसरून नाला घोट्याएवढा झाला की मग बांध घाला.